कर्जत ते मंकी हिल, तिसऱ्या बेडरूममधून

१६ जून २०२४

रावेतच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. फर्निचरवाला यायच्या आत, मॉडेल रेल्वेसाठी म्हणून, टेप घेऊन तिसरी बेडरूम मोजली. आतून ११ फूट बाय १० फूट. एका छोट्या भिंतीत दार आणि त्याला लागून कपाट, समोरच्या छोट्या भिंतीत खिडकी, दोन्ही लांब भिंती मोकळ्या. घरातून आलेल्या अटी अशा: खोली पाहुण्यांचीच राहणार, सासू-सासरे आले की पलंग लागणार, आणि कपाटाची दारं पूर्ण उघडली पाहिजेत. म्हणजे खोलीच्या मधोमध टेबल टाकायचा विचारच संपला. तीन भिंतींना धरून यू आकाराची फळी, जमिनीपासून ४ फूट ४ इंचांवर, खाली पलंग.

मॉडेलचा विषय मात्र घर बुक करायच्या आधीपासून ठरलेला: भोर घाट, म्हणजे कर्जत ते लोणावळा हा रेल्वेचा चढ. त्यातही मला हवे आहेत ते बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं. कर्जतला गाडीच्या शेपटाला इंजिनं लागतात, टेकताना डब्यातून बारीक हिसका जातो आणि भेळवाला कठडा धरतो, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. बोगदे, धबधबे वगैरे नंतर. त्यामुळे या नोंदी बऱ्याच अंशी एकाच प्रश्नाभोवती फिरतील: छोट्या खोलीतल्या चढावर मागून ढकलणारं इंजिन डबे न पाडता कसं चालवायचं. देखाव्यासाठी वाचणाऱ्यांनी थेट जानेवारीची नोंद उघडावी.

२३ जून

स्केल एचओ, म्हणजे १:८७. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. मधले २८ किलोमीटर या मापात काढले तर ३२२ मीटर रूळ लागतील. जुन्या नोंदींत घाटाची चढण १,८३१ फूट दिलेली आहे. त्या हिशेबाने लोणावळा माझ्या कर्जतच्या २१ फूट वर, म्हणजे वरच्यांच्या वरच्यांच्या घरात. ती परवानगी सोसायटी देईल असं वाटत नाही. म्हणून डोंगर कापून कर्जत ते मंकी हिल एवढाच तुकडा, तोही पार आक्रसलेला. पालसदरी, जांबरुंग, नागनाथ ही मधली स्टेशनं गाळली. ठाकूरवाडीची केबिन खिडकीपाशी ठेवायचा विचार आहे.

चढ मात्र खराच ठेवणार, १ ला ३७. कर्जतला २ मीटर ४० सपाट, मग साडेतीन मीटर चढ, वर मंकी हिलला जेमतेम गाडी मावेल एवढी सपाटी. चढून होणार नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गाडीच दोन मीटरची असल्याने ती जवळजवळ पूर्ण एकाच वेळी चढावर असते, आणि इंजिनाला तेच जड जातं.

आधी दुसराच बेत होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी तिथे तोंड फिरवून पुढे चढायची. छोट्या खोलीला हे सोन्यासारखं, कारण कोपऱ्यातली वळणंच वाचतात. दोन रविवार त्यावर कागद काळे केले. मग लक्षात आलं की तो काळ घेतला तर जीआयपीची (तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) वाफेची इंजिनं लागतील आणि ती सगळी हाताने घडवावी लागतील. एवढं माझ्या हातात नाही. बेत रद्द.

डबे जुन्या आयसीएफ पद्धतीचे. डेक्कन क्वीनला २०२२ मध्ये नव्या पद्धतीचे एलएचबी डबे लागले. पण एलएचबी डबा २३.५४ मीटरचा, एचओत २७ सेंटिमीटर. आयसीएफ २१.३४ मीटर, म्हणजे साडेचोवीस. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्या असावी हा जो ढोबळ नियम आहे त्याने ७३ सेंटिमीटर त्रिज्या हवी. माझ्या कोपऱ्यात ७० बसते, तीही कोपऱ्यात तिकोनी तुकडा जोडून. एलएचबी बसले नसते असं नाही, पण वळणावर दोन डब्यांचे कोपरे एकमेकांना घासले असते.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, एकदाच सांगून टाकतो. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये १९.३ होतो. बाजारात मिळतो तो एचओ रूळ १६.५. म्हणजे माझे डबे रुळाच्या मानाने अंगाने रुंद दिसणार. समोरून फोटो काढायचा नाही, एवढाच उपाय.

७ जुलै

भिंत. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी ही नोंद नीट वाचावी. आमची इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली. आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. घरातल्या ड्रिलने अर्धा इंच भोक पडलं आणि बिटाचं टोक निळं पडून बोथट झालं. नवीन बिट, तेच. इलेक्ट्रिशियन बघून म्हणाला, "साहेब, ही विटांची भिंत नाही. रोटरी हॅमर आणा, आणि कापाकापी अजिबात करू नका, ही भिंतच बिल्डिंग धरून उभी आहे."

ताबापत्रातही तेच लिहिलंय: भिंत छिन्नीने फोडायची नाही, झिरी मारायची नाही. ब्रॅकेटसाठी भोकं चालतील का हे सोसायटीच्या ऑफिसात लेखी विचारलं, लेखी होकार आला, तो कागद फाइलला लावला.

रोटरी हॅमर भाड्याने ५०० रुपये दिवस. भोकं झपाझप पडली, पण अकरापैकी दोन ठिकाणी सळई लागली. आवाज बदलतो, खरखरीऐवजी किणकिण येते आणि बिट पुढे सरकत नाही. तिथे जोर करायचा नाही, इंचभर बाजूला सरायचं. त्यासाठी ब्रॅकेट आधीच लांबट खाचांचे करून घेतले होते, सुताराच्या सांगण्यावरून. स्विचबोर्डाच्या सरळ वरच्या पट्ट्यात एकही भोक घेतलं नाही. वायरची पाइपलाइन तिथूनच वर जाते. अँकर फास्टनर ८ मिलिमीटरचे. कसून झाल्यावर प्रत्येक ब्रॅकेटला लोंबकळून बघितलं. मी ७४ किलोंचा.

२१ जुलै

प्लायवुड. पहिलं शीट स्वस्तातलं कमर्शियल आणलं, १२ मिलिमीटर, सव्वादोन हजार. पावसाचे दिवस, बाल्कनीत उभं करून ठेवलं. आठवड्यात त्याला केळीच्या पानासारखी पन्हळ आली. ते आता पलंगाखालच्या खोक्यांचं झाकण आहे. दुसरं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारं, साडेतीन हजार. हे सरळ राहिलं. कापल्यावर सगळ्या कडांना आणि खालच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात दिले. मिस्त्री म्हणाले खालची बाजू कोण बघतंय, पण ओल खालूनच शिरते.

४ ऑगस्ट

चढाची सुरुवात. सपाट फळी संपली तिथे चढाची वेगळी फळी पाचर लावून जोडली होती. इंजिन त्या सांध्यावर आलं की पुढचा कपलर (डबे जोडणारा आकडा) खाली झुकून रुळाच्या मधोमध घासायचा, आणि मागचा वर उचलून डबा सोडून द्यायचा. पट्टी धरून बघितलं तर सांध्यावर चक्क कोन.

ती फळी काढली. आता कर्जतच्या यार्डाचं प्लाय अखंड ठेवलं, रुळाच्या दोन्ही बाजूंनी जिगसॉने चिरा घेतल्या आणि मधली पट्टी पुढे हळूहळू उचलली. प्लाय स्वतःच्या अंगाने वाकतं आणि सपाटी ते चढ हा बदल ६० सेंटिमीटरमध्ये आपोआप विभागला जातो. वर मंकी हिलला तसंच. चढ मोजायला मोबाइलचं लेव्हल ॲप वापरू नका. एक मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी, तिच्या एका टोकाखाली २७ मिलिमीटरचा ठोकळा, वर सुताराची पाणसळ. बुडबुडा मधे आला की १ ला ३७ झाला.

१८ ऑगस्ट

खिडकी. फळी खिडकीवरून जाते आणि सरकत्या काचा नि मच्छरजाळी पुसायला तो भाग निघाला पाहिजे. म्हणून खिडकीपुढचा ११० सेंटिमीटरचा तुकडा सुटा. सांध्यावर लाकडी खुंट्या बसवल्या तर दमट हवेत त्या फुगून अडकल्या. पितळी पिन आणि पितळी नळी बसवल्यावर तुकडा दरवेळी जागच्या जागी बसायला लागला. सांध्याच्या दोन्ही कडांना कॉपर-क्लॅड पीसीबीच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, रूळ सांध्यावरून अखंड नेऊन त्या पट्ट्यांना डाग (सोल्डर) दिला आणि मग कटिंग डिस्कने कापला. आधी कापून मग जुळवायला जाऊ नये. डाग देऊन झाल्यावर पट्टीवरचं तांबं दोन रुळांच्या मधे करवतायचं राहू देऊ नका, नाहीतर सरळ शॉर्ट.

सुटा तुकडा जागेवर नसताना इंजिन खिडकीपाशी आलं तर थेट ४ फूट ४ इंच खाली. म्हणून सांध्याच्या अलीकडच्या ४० सेंटिमीटर रुळाला वीज सुट्या तुकड्यातल्या प्लगमधूनच येते. तुकडा काढला की तो रूळ मेलेला.

८ सप्टेंबर

काम बंद. काल गणपती बसले, परवा गौरी येतील आणि त्या याच खोलीत उभ्या राहतात. फळीखाली दोघी छान मावतात, फक्त मुकुटाच्या वर तीन बोटं जागा. आईने वर पाहून विचारलं, "यांच्या डोक्यावरून गाड्या नेणार का रे?" विसर्जनापर्यंत नाही, असं कबूल केलं.

काम बंद आहे तोवर पार्सलची गोष्ट. फ्लेक्सिबल रूळ आणि काटे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) इंग्लंडहून मागवले होते. आपल्याकडे ही सगळी खेळणी धरली जातात. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. एक यार्डाचा रूळ घरात येईपर्यंत जवळपास हजाराला पडला. वाहतूक कंपनीने खोका दुमडून आणला, चार रूळ वाकलेले. वाकलेले वळणांत वापरले. नवखा असाल तर लागतात त्यापेक्षा पाच-सहा रूळ जास्त मागवा. एकेकटा मागवायला गेलात तर वाहतूकच रुळाहून महाग पडते.

६ ऑक्टोबर

वीज. तयार डीसीसी संच (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणारा) घेतला नाही. आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), त्यावर रुळाला वीज देणारी मोटर शील्ड, १५ व्होल्टचा अडॅप्टर आणि फुकट मिळणारी डीसीसी-ईएक्स प्रणाली. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत, आणि कंट्रोलर म्हणून मोबाइलवरचं ॲप. ही क्लोन शील्ड दोन इंजिनांना पुरते, चारला नाही. चौथं इंजिन चालवायचा मोह झाला तर वेगळी शील्ड घ्यावी.

फळीखालून मुख्य वायर फ्लॅटच्या वायरिंगमधून उरलेली दीड स्क्वेअरची, तिच्यातून दर मीटरला रुळाकडे जाणारी बारीक वायर, म्हणजे फीडर. डाग देताना स्लीपर वितळतात. कांडीचं टोक मोठं आणि गरम, रूळ आधी कानशीने घासून फ्लक्स लावलेला, आणि काम दोन सेकंदांत संपलेलं असलं तर नाही वितळत. बारीक टोकाने सावकाश डाग देणं हेच नडतं.

मग नाण्याची चाचणी. दर अर्ध्या मीटरवर दोन्ही रुळांवर रुपया आडवा ठेवायचा, वीज लगेच तुटली पाहिजे. दोन जागी तुटली नाही, रुपया गरम व्हायला लागला. तिथे फीडर वाढवले. ही चाचणी टाळली तर पुढे डबा घसरून शॉर्ट झाल्यावर चाकं काळी पडतात आणि प्लॅस्टिकची बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) वितळते.

१७ नोव्हेंबर

इंजिनं. दोन्ही घाटातल्या जुन्या डब्ल्यूसीजी-२ या विजेच्या इंजिनाच्या रूपातली. भोसरीत थ्रीडी प्रिंट करून घेतलेलं वरचं कवच, खाली जुन्या अमेरिकन डिझेलच्या सहा-ॲक्सल चॅसी. वजन प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या आसपास. डबे सात, तेही प्रिंट केलेलेच, एकेक ९५ ग्रॅम.

आज पहिल्यांदा बँकर लावला. पुढच्या इंजिनाने एकट्यानेच सातही डबे मंकी हिलला नेले, बँकरची गरजच पडली नाही. बँकरने मागून ढकललं की मात्र पाचवा-सहावा डबा रुळाबाहेर. दर खेपेला. कर्जतच्या यार्डातून बाहेर पडताना नाहीतर पहिल्या वळणाच्या तोंडाशी.

हे असं का होतंय ते बघायला फोन रुळाशेजारी आडवा ठेवून स्लो मोशन चित्रण केलं. त्यात स्वच्छ दिसतं. कपलर चाकांच्या बोगीला जोडलेले होते. मागून दाब आला की कपलर तिरपा होतो, आपल्याबरोबर बोगी फिरवतो, आणि बाहेरचं चाक रुळावर चढतं. ओढताना हाच कपलर बोगीला सरळ ठेवतो, म्हणून ओढगाडीत हा दोष कधीच दिसत नाही.

१ डिसेंबर

सगळ्या डब्यांचे कपलर बोगीवरून काढून डब्याच्या तळाला बसवले, लांब दांड्याचे. एका डब्याला पाऊण तास, उंचीच्या गेजवर तपासून. घसरणं निम्मं झालं, थांबलं नाही.

दुसरं कारण यार्डात होतं. बाहेर पडताना दोन काटे एकापाठोपाठ उलट्या दिशांना वळत होते, डावं की लगेच उजवं. साडेचोवीस सेंटिमीटरचे डबे त्या नागमोडीत एकमेकांना आडवे ढकलतात. दुसरा काटा उपटला, मधे एका डब्याएवढा सरळ रूळ घातला आणि पुन्हा बसवला. खडी अजून चिकटवली नव्हती म्हणून हे तासाभरात झालं. मागून ढकलणारी गाडी चालवायची असेल तर खडी आणि देखाव्याला हात लावायच्या आधी महिनाभर नुसत्या प्लायवर ढकलून बघा. ओढगाडीची चाचणी घेऊन समाधान मानू नका, ती सगळं लपवते.

१५ डिसेंबर

वजन. अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेची जी शिफारस आहे तीत डब्याला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेचोवीस सेंटिमीटरच्या डब्याला ते १६५ ग्रॅम होतं. माझे ९५. म्हणजे प्रत्येकात ७० ग्रॅम घालायचं.

शिसं कुठून आणायचं यावर बराच शोध घेतला आणि उत्तर सोसायटीच्या फाटकाबाहेर निघालं. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या, मागे गोंद असलेल्या पट्ट्या मिळतात, पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांत. सात डब्यांचं काम ३०० रुपयांत. पट्ट्या डब्याच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या बरोबर वर. छताला लावू नका, वळणावर डबा डुलतो.

आणि आता गंमत. वजनदार डबे लावल्यावर पुढचं इंजिन एकट्याने चढेना. सरळ चढावर कसंबसं जातं, पहिल्या वळणात चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. हिशेब करून पाहिला: सात डबे मिळून साडेअकराशे ग्रॅम, चढावर त्यातले तीसेक ग्रॅम मागे ओढतात, चाकांचं घर्षण जवळपास तेवढंच, वळणाचं वेगळं, शिवाय इंजिनाला स्वतःचं वजनही वर न्यायचंय. ४०० ग्रॅमचं इंजिन साधारण पाचव्या हिश्श्याएवढं ओढतं, म्हणजे ऐंशी. बेरीज तिथेच येते.

बँकर लावला आणि गाडी न घसरता वर गेली. हलके डबे असताना बँकर नको होता आणि तो लावला की डबे पडत होते. जड डब्यांना तो लागतोच आणि पडतही नाहीत. खऱ्या घाटातही बँकर हौसेने लावत नाहीत, हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि इंजिनाची चाकं समोर रिकामी फिरताना बघणं वेगळं.

२९ डिसेंबर

वेग जुळवणं. दोन चॅसी एकाच कंपनीच्या असूनही एक दुसरीपेक्षा बरीच पळते. एक मीटर अंतरावर दोन खुणा, स्टॉपवॉच, आणि डीकोडरच्या, म्हणजे इंजिनातल्या डीसीसीचे आदेश घेणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, सीव्ही २, ५, ६ या सेटिंगचे तीन आकडे. मुलीने आकडे लिहून घेतले, मी बदलत गेलो. तिच्या वहीत "बाबा पुन्हा चुकीचा" असा एक स्तंभ आहे.

दोन्ही अगदी सारखी केली तरी अडलं. इंजिनाचा भार वाढला की डीकोडर आपणहून जास्त वीज देऊन वेग टिकवतो, त्याला बॅक-ईएमएफ कंट्रोल म्हणतात. दोन्ही इंजिनं आपापला वेग टिकवायला बघतात आणि मधले डबे कधी ताणले, कधी दाबले जातात. ती सोय दोन्हींत बंद केली आणि बँकर सपाटीवर किंचित मंद ठेवला. आता यार्डात गाडी ताणलेली असते. चढ लागला की पुढचं इंजिन भाराने मंदावतं आणि बँकर आपोआप येऊन टेकतो. सात डब्यांतून तो हिसका पुढे जाताना दिसतो.

बँकरच्या पुढच्या बाजूचा कपलर काढून सपाट बफर ठेवला. तो फक्त टेकतो. मंकी हिलला त्याचा सीव्ही १९ शून्य केला की तो जोडीतून मोकळा होतो आणि गाडी त्याला सोडून पुढे सरकते.

१९ जानेवारी २०२५

डोंगर. सजावटीच्या थर्मोकोलवर आपल्याकडे २०१८ पासून बंदी, पण नव्या घराने फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्हीचं खोक्यातलं थर्मोकोल भरपूर दिलं होतं. तेच रचलं. पहिले तुकडे घरात होता त्या सॉल्व्हंटवाल्या फेव्हिकॉलने चिकटवले तर थर्मोकोल आतून विरघळून खड्डे पडले. पांढरा फेव्हिकॉल चालतो, फक्त रात्रभर थांबावं लागतं. स्प्रे पेंटही तसाच खातो.

वरचं कवच दिवाळीच्या किल्ल्याच्या पद्धतीने: गोणपाटाचे तुकडे. किल्ल्याला चिखलात बुडवतो, इथे पातळ पीओपीत. एकच थर पुरतो. दोन दिले तर वजन ब्रॅकेटवर येतं. पीओपी अर्धवट घट्ट असताना रंगाऱ्याच्या पट्टीने आडव्या रेघा ओढल्या, कारण सह्याद्रीचा कातळ थरांचा आणि ते थर आडवे. परदेशी व्हिडिओंत बघून उभे-तिरपे कडे कोरलेत तर ते आल्प्स दिसतात. मी पहिला कडा तसाच केला होता, बायको म्हणाली, "हे खंडाळा नाही." तोडला.

पीओपीची धूळ. कोरताना इंजिनं खोलीतच, झाकून ठेवलेली. तरी एका मोटरमध्ये धूळ गेली आणि ती घरघरायला लागली. उघडून, पुसून, तेलाचा थेंब देऊन पूर्ववत झाली. इंजिनं दुसऱ्या खोलीत न्या.

दोन्ही बोगद्यांना मागून हात जाईल एवढी झडप ठेवली आहे, वर झुडपं चिकटवलेली. गाडी बोगद्यात घसरली नाही असा मॉडेलवाला मला भेटायचा आहे. बोगद्याचं तोंड इंजिन बघून कापलं होतं, डब्याचा मधला भाग वळणात आत झुकतो हे धरलं नव्हतं. आतल्या बाजूने चार मिलिमीटर खरवडावं लागलं.

रंग सप्टेंबरअखेरचा: हिरवं अजून आहे पण कडा पिवळ्या पडताहेत. बाहेरून मागवायचं गवत परवडेना. सुताराकडचा भुसा चाळून, पोस्टर कलरमध्ये भिजवून, गच्चीवर वाळवला.

१६ मार्च

कॅच सायडिंग. घाटातून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती पुढे धावू नये म्हणून काटा कायम चढत्या सायडिंगकडे, म्हणजे बाजूला जाऊन संपणाऱ्या रुळाकडे, लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे कळलं, की मगच मेन लाइन मिळते. मंकी हिलच्या खाली, कोपऱ्यातल्या तिकोनात ६० सेंटिमीटरची सायडिंग बसवली. दुसरं आर्डुइनो, काटा फिरवणारी एसजी-९० सर्व्हो ही छोटी मोटर, रुळात सेन्सर: गाडी सेन्सरवर दहा सेकंद उभी राहिली तर काटा मेन लाइनला, नाहीतर सायडिंग.

आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर सकाळी बरोबर चालायचा आणि दुपारी चारनंतर गाडी नसतानाही काटा फिरवायचा. दोनदा प्रोग्राम बदलला. खिडकी पश्चिमेची, ऊन थेट सेन्सरवर. आयआर काढला, रुळाखाली चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आणि इंजिनाच्या पोटाला छोटं चुंबक लावलं. उन्हाचा प्रश्न मिटला.

सर्व्होचा दुसरा उपद्व्याप: वीज चालू करताच एक झटका देतो, आणि तो नेमका मेन लाइनकडे. ज्या काट्याचं काम सायडिंगला चिकटून राहणं, तोच रोज सकाळी उलटा. सर्व्होची वीज रिलेमधून घेतली. आर्डुइनो सुरू होऊन सिग्नल द्यायला लागलं की मग रिले लागतो. काटा फिरल्यावर सिग्नल बंद, म्हणजे नंतरची थरथरही गेली.

२७ एप्रिल

उजव्या भिंतीवरचा सरळ रूळ मधे साप झालाय. पावसाळ्यात प्लाय बसवलं, रूळ सांध्याला सांधा भिडवून टाकले. आता हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसलं. तीन मीटरमध्ये प्लाय दोन-तीन मिलिमीटर सहज आकसतं. धातूचा रूळ उन्हाने वाढतो तो जेमतेम एक. दोन्ही मिळून रूळ जाणार कुठे? सगळे तापमानाला दोष देतात, खरा कारभार ओलाव्याचा आहे. दर दुसऱ्या सांध्यात मिलिमीटरभर फट कापली, त्या सांध्यांना डाग नाही, दोन्ही बाजूंना आपापला फीडर. वळणातले सांधे मात्र डाग दिलेलेच हवेत, नाहीतर तिथे कोन पडतो.

पावसाळ्यात रूळ टाकणाऱ्यांनी फट मोठी ठेवावी. मेमध्ये टाकणाऱ्यांना जवळजवळ नको.

४ मे

आतापर्यंतचा खर्च, विचारणारे बरेच आहेत म्हणून. ब्रॅकेट, हॅमरचं भाडं, दोन्ही प्लाय आणि सुतार मिळून १४ हजार. रूळ आणि काटे शुल्कासकट ३१ हजार. दोन चॅसी, डीकोडर, कवचं २९ हजार. सात डबे कपलरसकट १७ हजार. सगळी इलेक्ट्रॉनिक्स साडेचार हजार. डोंगर दोन हजारसुद्धा नाही. वाया गेलेलं: पहिलं प्लाय, बिटं, एक डीकोडर जो मी शॉर्टमध्ये जाळला, आणि तोडलेला आल्प्स.

राहिलेलं: ठाकूरवाडीची केबिन, ओव्हरहेडचे खांब (तारा लावणार नाही, पाहुण्यांचा हात अडकतो), आणि वर सायडिंगच्या टोकाला वाळूचा ढीग. कालच मुलीने मुद्दाम गाडी न थांबवता खाली सोडली. काटा सायडिंगलाच होता, इंजिन आणि पहिला डबा वर चढून थांबले, पण मागचे डबे काट्यावर अडकून वाकडे झाले. सायडिंग ६० सेंटिमीटरची, गाडी दोन मीटरची. खिडकीच्या बाजूला आणखी वाढवता येते का, ते पडदा काढून मोजायचं आहे.